घानातली वीज आणि मुंबईतली

२७ जून २०१७. न्हावा-शेवाचं 'गेटवे टर्मिनल्स इंडिया' ठप्प झालं. संप नाही, वादळ नाही. 'नॉटपेट्या' हा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला, मेर्स्क कंपनीत शिरला आणि तिच्याच समूहाच्या या टर्मिनलपर्यंत पोचला. क्रेन धडधाकट होत्या हो! पण कुठला कंटेनर कुठे ठेवलाय हे सांगणारा संगणकच गेला, तर ट्रक आत घेऊन करायचं काय?

जानेवारी २०१८ मध्ये दावोसला मेर्स्कच्या अध्यक्षांनी जाहीर सांगितलं: ४ हजार सर्व्हर, ४५ हजार संगणक १० दिवसांत नव्याने उभे केले. एका कळीच्या सर्व्हरची प्रत वाचली, ती घानात नेमकी वीज गेली होती म्हणून. (लोडशेडिंगचा असाही फायदा.) बॅकअप नेटवर्कपासून तोडून ठेवा, हा धडा त्यांच्या उघड बोलण्यामुळे सगळ्यांना फुकट मिळाला.

आता आपलं बघा. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. मार्च २०२१ मध्ये तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देऊन म्हणाले, घातपाताचा संशय. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, मानवी चूक. चिनी घुसखोरीचा अहवाल देणाऱ्या अमेरिकी 'रेकॉर्डेड फ्युचर'ने मुंबईशी संबंध सिद्ध नसल्याचं स्वतःच लिहिलं होतं.

२०२२ पासून असे हल्ले ६ तासांत 'सर्ट-इन'ला कळवणं बंधनकारक आहे. ठीक. पासवर्ड, नकाशे कुणी मागत नाही. पण ऐरोलीच्या भारप्रेषण केंद्रात काय सापडलं किंवा सापडलं नाही, एवढं तरी न्हावा-शेवाच्या इंजिनिअरला कळायला नको?