दिल्लीची कावीळ आणि जपून ठेवलेलं रक्त

आजची गोष्ट १९५५ च्या दिल्लीची.

त्या वर्षी पूर ओसरल्यावर यमुनेने पात्र बदललं आणि नजफगड नाल्याचा मैला थेट वझीराबादच्या पंपिंग स्टेशनपाशी आला. शहर तेच पाणी प्यायचं. पाणी बिघडलंय हे तिथल्या लोकांना कळलं होतं बरं का. त्यांनी क्लोरीन वाढवलं. त्यामुळे टायफॉइड वाढला नाही, पण डिसेंबर-जानेवारीत कावीळ मात्र अशी फुटली की नोंद झालेले रुग्ण होते सुमारे २९,३००. म्हणजे क्लोरीनने जिवाणू मेले, पण विषाणू तगला. मला या कथेतला सगळ्यात थरारक भाग हाच वाटतो.

तेव्हा निदान कसं व्हायचं? डोळे पिवळे, लघवी गडद, भूक मेलेली. रक्तातलं बिलिरुबिन मोजता यायचं, पण ते फक्त कावीळ आहे एवढंच सांगतं, कशामुळे ते नाही. पाण्यातून आली म्हणजे हेपॅटायटिस ए, असं सगळ्यांनी धरून टाकलं. (आपल्याकडे माळ घालून कावीळ ‘उतरवणारे’ होतेच, अजूनही आहेत. त्यावर वेगळा एपिसोड करू.)

ए चा विषाणू इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसला १९७३ मध्ये. मग त्याची रक्तचाचणी आली. आणि इथे पुणे येतं! आपल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या खोर्शेद पावरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन संशोधकांबरोबर दिल्लीच्या साथीतले जपलेले रक्ताचे नमुने तपासले. १९८० मध्ये निष्कर्ष छापून आला: ही साथ ए ची नव्हती, बी ची पण नव्हती. त्याच वर्षी डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी काश्मीरमधल्या १९७८ च्या साथीबद्दल तेच लिहिलं. तिथे गरोदर बायका, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांतल्या, फार दगावत होत्या. नुसती ‘कावीळ’ म्हणून सोडून देण्यासारखा हा आजार नव्हता.

पण विषाणू दिसणार कसा? मॉस्कोच्या मिखाईल बलायान यांनी नऊ रुग्णांच्या विष्ठेचा गाळलेला अर्क स्वतः प्यायला. हो, प्यायला! त्यांच्या रक्तात ए च्या अँटीबॉडी आधीपासून होत्या, म्हणजे आजारी पडलो तर कारण दुसरंच असणार, असा हिशेब. साधारण पाच आठवड्यांनी त्यांना कावीळ झाली आणि त्यांच्याच विष्ठेत नवे कण दिसले. हे १९८३ मध्ये छापून आलं. धाडस म्हणा नाहीतर वेडेपणा, मी तरी असं करायला कुणालाही सांगणार नाही.

१९९० मध्ये या विषाणूच्या जनुकांचा तुकडा हाती लागला, ‘हेपॅटायटिस ई’ हे नाव पक्कं झालं आणि त्यावरून चाचण्या तयार झाल्या. आज लॅबच्या रिपोर्टवर ‘एचईव्ही आयजीएम’ अशी एक ओळ असते ना, ती ही. दिल्लीत साथ आली तेव्हापासून ती ओळ छापली जाईपर्यंत पस्तीसपेक्षा जास्त वर्षं गेली.