धाप थांबते, दमा राहतो



पावसाळ्याची रात्र आहे. दोनचा सुमार. आठ-नऊ वर्षांचे पोर अंथरुणात उठून बसले आहे. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, खांदे वर ओढून ते श्वास घेते आहे. छातीत सूं सूं आवाज येतो. आई पाठ चोळते, आजी ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकते, बाप मोटारसायकल बाहेर काढतो. तालुक्याच्या गावी सुई मिळते, वाफ मिळते आणि दुपारपर्यंत पोर गोट्या खेळू लागते. "सुटला बाई एकदाचा!" म्हणून घरची माणसे आपापल्या कामाला लागतात. तीन आठवडे जातात आणि पुन्हा तीच रात्र उगवते.

मधल्या या तीन आठवड्यांविषयी आज मला चार शब्द सांगायचे आहेत. मी इतिहास शिकवणारा माणूस, डॉक्टर नव्हे. पण दम्याच्या उपचाराचा इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येते: धाप थांबवणे म्हणजेच दमा बरा करणे, असा समज माणसाने पिढ्यान् पिढ्या करून घेतला आणि त्याची किंमत लहान मुलांनी मोजली.

आरंभ आपल्याच घरापासून करू. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतला तमकश्वास म्हणजे आपला दमा. ढगाळ हवा, पाऊस, थंडी आणि पूर्वेचा वारा यांनी तो वाढतो. रोग्याला आडवे झाले की त्रास होतो, बसले की बरे वाटते. कफ सुटला की घटकाभर आराम पडतो, असे त्याचे वर्णन आहे. ज्याच्या घरी असे पोर आहे त्याला हे वर्णन निराळे समजावून सांगायला नको. पुढे ग्रंथकार म्हणतात, हा रोग नवा असेल तर बरा होऊ शकतो, एरवी तो 'याप्य' आहे. याप्य म्हणजे उपचार चालू आहेत तोवर ताब्यात राहणारा आणि उपचार सोडले की उलटणारा. सुश्रुतसंहितेत याप्य रोगाच्या उपचाराला फार सुंदर उपमा दिली आहे: पडू पाहणाऱ्या घराला नीट लावलेला टेकू. हा टेकू ध्यानात ठेवा. शेवटी आपल्याला त्याच्याकडेच यायचे आहे.

आता टेकूचा विसर कसा पडत गेला ते पाहू. दक्षिण हिंदुस्थानात धोतऱ्याचा धूर ओढून धाप कमी करण्याची चाल होती. मद्रासेत ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेले डॉ. अँडरसन यांनी ती पाहिली आणि १८०२ साली जनरल जेंट यांच्याबरोबर हे औषध ब्रिटनला पोहोचले. तेथून धोतऱ्याच्या विड्या आणि सिगारेटी निघाल्या आणि विसाव्या शतकातही त्या विकल्या जात होत्या. धोतऱ्याने श्वासनळ्या थोड्या सैल होतात हे खरे. पण धोतरा हे विष आहे आणि त्याचे प्रमाण पानापानाला बदलते. म्हणून हा प्रयोग आज कोणीही घरी करू नये, मुलावर तर मुळीच नाही.

१८५८ साली न्यू यॉर्कमध्ये एका श्रीमंत घरात थिओडोर रूझवेल्ट जन्मला. पुढे तो अमेरिकेचा अध्यक्ष झाला. पण लहानपणी दम्याने त्याचा जीव मेटाकुटीला येई. वडील त्याला कडेवर घेऊन रात्ररात्र येरझारा घालत, घोड्यांची गाडी जोडून त्याला मोकळ्या हवेत फिरवीत. त्याला कडक कॉफी पाजली जाई, सिगारही ओढायला देत. आज आपल्याला हसू येईल. पण त्या काळच्या इंग्लंडातले दम्याचे नामांकित जाणकार, आणि स्वतः दमेकरी असलेले, डॉ. हाइड सॉल्टर यांनीही १८६० सालच्या आपल्या ग्रंथात कडक कॉफीची शिफारस केली होती. सांगायचे इतकेच की, पैसा होता, माया होती, उत्तम डॉक्टर होते; तरी हाती होते ते केवळ रात्र निभावून नेण्याचे उपाय.

विसाव्या शतकात हे उपाय जोरकस झाले. १९०३ साली दम्यावर अ‍ॅड्रेनलिनची सुई दिली गेली. १९५५ साली अमेरिकेतल्या रायकर नावाच्या औषध कंपनीच्या अध्यक्षांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने वडिलांना विचारले की, केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखे माझे औषध का मिळू नये? मुलीचा प्रश्न बापाने मनावर घेतला आणि १९५६ साली मोजून मात्रा देणारा पहिला फवारा बाजारात आला. आपल्याकडे लोक ज्याला 'पंप' म्हणतात, त्याचा हा जन्म. लेकरांच्या प्रश्नाला कधी हसू नये, ते यासाठी.

पण याच पंपाच्या इतिहासात एक काळे प्रकरण आहे. १९६० नंतर इंग्लंड आणि वेल्समध्ये दम्याने मरणाऱ्या तरुण माणसांची संख्या एकाएकी वाढू लागली, आणि सर्वांत जास्त वाढ होती दहा ते चौदा वर्षांच्या मुलांत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्येही तेच घडले. आयसोप्रेनलिन नावाच्या औषधाचे जोरकस पंप तेव्हा सर्रास वापरात आले होते. औषधाने हृदयावर ताण येतो, की पंपाच्या भरवशावर राहून माणसे डॉक्टरकडे उशिरा जातात, यावर बराच वाद झाला. १९६८ साली इंग्लंडमध्ये हे पंप चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी झाली. खप उतरला आणि मृत्यूही उतरले. १९७६ नंतर न्यूझीलंडमध्ये फेनोटेरॉल नावाच्या दुसऱ्या औषधाच्या बाबतीत हीच कथा पुन्हा घडली. औषध बदलले, चूक तीच राहिली.

चूक कोणती? दम्यात दोन गोष्टी होतात. श्वासनळीभोवतीचे स्नायू आवळतात, ही एक. नळीला आतून सूज येते आणि चिकट कफ साठतो, ही दुसरी. आवळलेले स्नायू सैल करणारे औषध पाच-दहा मिनिटांत गुण देते. पण सूज तशीच राहते. ही सूज पोर गोट्या खेळत असतानाही आत असते. सूज कमी करणारी औषधे १९५० च्या सुमारास हाती आली, ती स्टिरॉइडची. त्यांच्या गोळ्या फार दिवस घेतल्या तर मुलांचे तोंड सुजे, उंची खुंटे. १९७२ साली तेच औषध अल्प मात्रेत थेट श्वासनळीत सोडणारा पंप उपयोगी असल्याचे सिद्ध झाले. चरकाने ज्याला याप्य म्हटले त्याला खराखुरा टेकू मिळाला तो तेव्हा.

म्हणून मंडळी, पंप दोन कामांचे असतात. एक धाप लागल्यावर घ्यायचा, आरामाचा. दुसरा रोज घ्यायचा, बरे असतानाही घ्यायचा, सुजेचा. काही पंपांत दोन्ही औषधे एकत्र असतात. आपल्या मुलाच्या हाती कोणता आहे, हे रंगावरून ठरवू नका. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर मराठीत लिहून घ्या. दम्याविषयी जगभरच्या डॉक्टरांना मार्गदर्शन करणाऱ्या 'जिना' या संस्थेने २०१९ साली स्पष्ट सांगितले की, मोठ्यांना आणि बारा वर्षांपासून पुढच्या मुलांना नुसत्या आरामाच्या पंपावर ठेवू नये. त्याहून लहान मुलांचे औषध डॉक्टर वयाप्रमाणे ठरवतात.

"पंपाची सवय लागते" असे घरोघरी ऐकू येते. सवय लागते ती रोगाची, औषधाची नव्हे. स्टिरॉइडच्या पंपाचे काहीच परिणाम नाहीत असे मात्र मी म्हणणार नाही. लहानपणी काही वर्षे हे औषध रोज घेतलेल्या मुलांची अमेरिकेत मोठेपणी उंची मोजली, तेव्हा ती सरासरीने सुमारे १.२ सेंटीमीटरने कमी भरली. हा निकाल २०१२ सालचा. एका पारड्यात बोटाच्या पेराहून कमी उंची आहे, दुसऱ्यात मुलाचा श्वास आहे, तोलून पाहावे. पंप घेतल्यावर चूळ भरावी, म्हणजे तोंड येत नाही.

लहान मुलांना पंप नीट ओढता येत नाही; औषध घशातच राहते. त्यासाठी मध्ये नळकांडे लावतात, त्याला स्पेसर म्हणतात. १९९९ साली दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनच्या डॉक्टरांनी दाखवून दिले की, पाचशे मिलिलिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीला बुडाशी भोक पाडून पंप घट्ट बसवला, तर दम्याचा झटका आलेल्या मुलांना ती विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी पडते. गरिबाच्या पोराला याहून मोठी भेट कोणती? मात्र बाटली तयार केल्यावर ती डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना एकदा दाखवावी.

आता गुरुजींना एक विनंती. विसाव्या शतकाच्या मध्याला दमा हा मनाचा रोग आहे, आईबापांच्या वागण्याने तो बळावतो, असे मानणारे मोठमोठे डॉक्टर होते. अमेरिकेत मुलांना आईबापांपासून तोडून डेन्व्हरच्या संस्थेत महिनोन् महिने ठेवीत. आपल्या वर्गातही "नाटक करतोय", "लाडावलाय" असे शेरे ऐकू येतात. कवायतीला मागे राहणारा, रात्री खोकून सकाळी वर्गात पेंगणारा, पाऊस लागला की गैरहजर होणारा मुलगा दिसला, तर त्याच्या घरच्यांना चार प्रश्न विचारा. आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा दिवसा धाप लागते का? तितक्याच वेळा आरामाचा पंप लागतो का? रात्री जाग येते का? खेळणे बंद झाले आहे का? एकाचेही उत्तर 'हो' आले, तर दमा ताब्यात नाही असे समजावे आणि मूल बरे असतानाच त्याला डॉक्टरांकडे न्यायला सांगावे.

काही लक्षणांना मात्र थांबायचेच नाही. मुलाला एक वाक्य पुरे बोलता येत नाही, फासळ्यांमधली जागा आत ओढली जाते, ओठ निळे पडतात, मूल गुंगीत जाते, छातीचा आवाज बंद होतो पण धाप चालूच राहते, किंवा आरामाच्या पंपाने गुण येत नाही, तर तत्काळ १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत आरामाचा पंप डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे देत राहावा. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंची २०१४ साली छाननी झाली. त्यांतले ४५ टक्के लोक मदत न मागताच किंवा मदत पोहोचण्याआधीच गेले होते. प्रगत देशात हे घडते, तिथे आपण गाफील राहून कसे चालेल?

मृग लागला की आपल्याकडचे काही लोक हैदराबादला माशातून औषध घ्यायला जातात. ज्याची श्रद्धा त्याने पाहावे. पण त्या औषधाने दमा बरा होतो असे कसोटीला उतरलेले नाही, आणि त्याच्या भरवशावर रोजचा पंप बंद करणे म्हणजे ऐन पावसाळ्याच्या तोंडावर घराचा टेकू काढून घेणे आहे.

टेकू लावलेले घर पडत नाही, म्हणून टेकू नको असे कोणी शेतकरी म्हणत नाही. पोराला धाप लागत नाही, म्हणून पंप नको असेही म्हणू नये. औषध कमी करायचे की थांबवायचे, ते डॉक्टर तपासून सांगतील. त्या शांत तीन आठवड्यांत तेवढी एक खेप तालुक्याला करा. रात्री दोनची खेप वाचेल.