चावीविरहित मोटारप्रणालीतील सुरक्षादोष

चावी खिशातच ठेवून मोटारीचे दार उघडण्याची व बटण दाबून इंजिन सुरू करण्याची सोय देणाऱ्या प्रणालीतील उणिवा. मर्सिडीज-बेंझने १९९०च्या दशकाच्या अखेरीस एस-क्लास या महागड्या मोटारीत आणलेली ही सोय पुढे मध्यम किमतीच्या गाड्यांतही आली.

दाराच्या मुठीला हात लागताच मोटार सुमारे १२० ते १३५ किलोहर्ट्‌झ कंप्रतेचा क्षीण संदेश सोडते. तो एक-दोन मीटरपलीकडे जात नाही. तो ऐकून चावी ३१५, ४३३ किंवा ८६८ मेगाहर्ट्‌झवर सांकेतिक उत्तर देते आणि उत्तर जुळले की कुलूप उघडते. यात अंतर कुठेच मोजलेले नसते. उत्तर आले, त्या अर्थी चावी जवळच असणार, असे मोटार धरून चालते. मुख्य दोष या गृहीतकात आहे.

या गृहीतकाचा फायदा घेणारे चोर दोघे असतात. एक मोटारीपाशी उभा राहतो, दुसरा घराच्या दाराशी. दोघांकडची उपकरणे मोटारीचा संदेश आत खुंटीवर टांगलेल्या चावीपर्यंत आणि तिचे उत्तर मोटारीपर्यंत पोचवतात. संकेत उलगडावा लागतच नाही. त्यामुळे तो कितीही भक्कम असला तरी उपयोग नाही. झुरिकच्या ईटीएच संस्थेतील फ्रांसियाँ, दानेव्ह व चापकुन यांनी २०११ साली ८ उत्पादकांच्या १० मोटारींवर हा प्रयोग केला, तेव्हा दहाही मोटारी फसल्या. भर रस्त्यात इंजिन बंद पडून अपघात होऊ नये म्हणून चावी दूर गेल्यावरही ते चालूच राहते. प्रवाशांसाठी केलेली ही तजवीज चोराच्या पथ्यावर पडते.

संकेतही नेहमी भक्कम असतो असे नाही. डीएसटी४० या संकेताची गुप्त संख्या केवळ ४० बिटांची. तो २००५ मध्येच फुटला होता. तरीही २०१८ मध्ये बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांना टेस्लाच्या मॉडेल एस मोटारीत तोच सापडला आणि काही सेकंदांत चावीची नक्कल तयार झाली. चावीतील चिपच्या मेगामॉस संकेताचे दोष दाखवणारा निबंध फोक्सवागेनने २०१३ मध्ये ब्रिटिश न्यायालयाकडून रोखून धरला. तो २०१५ मध्ये एक वाक्य गाळून प्रसिद्ध झाला. दरम्यान रस्त्यावरच्या गाड्यांच्या चाव्यांतील चिप होत्या तशाच राहिल्या.

२०२३ मध्ये मोटार-इलेक्ट्रॉनिक्सचे तज्ज्ञ केन टिंडेल यांनी वेगळीच वाट उघड केली. टोयोटा आरएव्ही४च्या पुढच्या दिव्याची जोडणी उपसून चोर मोटारीच्या अंतर्गत कॅन जाळ्यात ‘चावी वैध आहे’ असा खोटा संदेश घुसवतात. इथे चावीचा संबंधच येत नाही.

धातूचे अस्तर असलेल्या पिशवीत चावी ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय. काही चाव्या हालचाल थांबली की आपोआप झोपी जातात. अतिरुंद पट्ट्याच्या रेडिओ तंत्रात मात्र संदेशाच्या प्रवासाचा वेळच मोजला जातो. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंमी. जाते, त्यामुळे मध्ये दलाल आला की विलंब उघडा पडतो. कॅनमार्गे होणाऱ्या चोरीवर हे तंत्र चालत नाही. तिथे अंतर्गत संदेशांचीच खातरजमा करावी लागते, किंवा सुकाणूला जुन्या पद्धतीचा लोखंडी दांडा लावावा लागतो.