मॅटाडोर आणि पनवेलचा पाऊस

१९७३ साली वाशीचा पूल खुला होईतो पनवेलचा रोगी मोटारीने मुंबईस न्यावयाचा म्हणजे ठाण्याचा वळसा ठरलेलाच. पुढे आपल्याकडे रुग्णवाहिका म्हणून जी गाडी रुळली ती मॅटाडोर. मूळची हॅम्बुर्गची, १९६९ पासून बजाज टेम्पोने ती इकडे बांधावयास घेतली.

तिचे इंगित चाकांत आहे. एंजिनाचा जोर पुढच्या चाकांना. मागे प्रोपेलर शाफ्ट जात नाही, म्हणून तळ जमिनीलगत. स्ट्रेचर फार उचलावे लागत नाही, रोग्यास हिसका कमी.

पण श्रोतेहो, हाच सखल तळ आमच्या पावसात आधी सडतो. शंभर इंचांवर पाऊस, त्यात खाडीचा खारा वारा! आज हौसेने अशी जुनी गाडी पदरी बाळगून रोज हाकणाऱ्याने एंजिनाआधी पत्र्याखाली वाकून पाहावे. एंजिन बिचारे चालकाच्या मांडीशीच असते. वैशाखात आपली आठवण ते आपणच देते.

आणि बोरघाटात? भार मागे गेला की पुढची चाके हलकी होतात, ओल्या चढावर जागीच फिरतात. तेव्हा जड सामान चालकाच्या पाठीशी ठेवावे, मागच्या दाराशी नव्हे.