लोहबंधक द्रव्य आणि पेशीवृद्धी : डेस्फेरिऑक्झामिनचा इतिहास

प्रतिजैविकांचा शोध घेताना इ.स. १९६० च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील संशोधकांना स्ट्रेप्टोमायसीस जीवाणूपासून डेस्फेरिऑक्झामिन हाती लागले. वारंवार रक्त द्यावे लागणाऱ्या थॅलेसिमियाग्रस्त बालकांच्या शरीरात साचणारे लोह ते बांधून बाहेर टाकते. मुक्त लोहामुळे हायड्रोजन पेरॉक्साइडपासून विध्वंसक मूलके तयार होतात. ऑक्सिडीकरणाचा हा ताण त्यामुळे कमी होतो. तथापि लोह पेशीलाही हवेच असते. १९७६ मध्ये हॉफब्रँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, लोह काढून घेतल्यास रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज हे विकर मंदावून डीएनएची निर्मितीच खुंटते. कर्करोगाच्या अभ्यासकांना यात उपचाराची शक्यता दिसली, हे स्वाभाविकच होते. थॅलेसिमियाच्या रुग्णांचा अनुभव मात्र वेगळा होता : लोहसाठा थोडा व मात्रा अधिक, अशा बालकांची उंची वाढेनाशी झाल्याचे १९८० च्या दशकात नोंदविले गेले. मात्रा लोहसाठ्याच्या प्रमाणात ठरविण्याचा आग्रह त्यानंतर वाढला.