चार वर्षांचे कारभारी, आठ वर्षांचा उपग्रह

विद्यार्थी-उपग्रह म्हणजे अभियांत्रिकी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी स्वतः आखलेला, बांधलेला आणि कक्षेत गेल्यावर स्वतःच सांभाळलेला कृत्रिम उपग्रह. पैसा संस्था देते, मार्गदर्शन प्राध्यापक आणि अंतराळ संस्थेतले शास्त्रज्ञ करतात. पण उपग्रहावर काय न्यायचे, कोणी काय बांधायचे आणि अडले तर कोणता मार्ग धरायचा, हे विद्यार्थ्यांची संघटना ठरवते. या संघटनांच्या इतिहासात एक पेच सतत दिसतो. अभियांत्रिकीची पदवी चार वर्षांची. त्यातले पहिले वर्ष पाया घालण्यात जाते आणि शेवटच्या वर्षातला बराच काळ नोकरीच्या मुलाखती व परदेशी प्रवेशाच्या अर्जांत. उपग्रहाला मात्र कल्पनेपासून प्रक्षेपणापर्यंत सात-आठ वर्षे सहज लागतात. काम सुरू करणाऱ्याच्याच हातून ते पुरे होणे म्हणूनच दुर्मीळ. या संघटनांतल्या नेतृत्वाची कसोटी लागली ती मुख्यतः काम पुढच्या तुकडीच्या हाती सोपवताना.

हा पेच पहिल्यांदा ठळकपणे दिसला ऑस्ट्रेलियात. मेलबर्न विद्यापीठातल्या खगोलयान संघटनेच्या विद्यार्थ्यांनी 1966 मध्ये ‘ऑस्ट्रेलिस’ नावाचा उपग्रह बांधायला घेतला. त्याला सौरपट्ट्या नव्हत्या. सगळी भिस्त बॅटरीवर होती. अँटेना म्हणून सुतारकामातली लवचिक पोलादी मोजपट्टी वापरली होती. ती गुंडाळून ठेवता येई आणि सुटली की आपोआप ताठ होई. 1967 मध्ये हा सुमारे 18 किलोचा उपग्रह अमेरिकेतल्या हौशी रेडिओ कार्यकर्त्यांकडे पोहोचला, पण त्याला प्रक्षेपकावर जागा मिळेना. त्याच वर्षी 29 नोव्हेंबरला ‘रेसॅट’ हा सरकारी उपग्रह ऑस्ट्रेलियाचा पहिला उपग्रह ठरला आणि विद्यार्थ्यांची तो मान मिळवण्याची संधी गेली. 1969 मध्ये ‘ॲमसॅट’ ही हौशी रेडिओ उपग्रहांची संस्था स्थापन झाली, तिने पाठपुरावा केला आणि 23 जानेवारी 1970 रोजी ऑस्ट्रेलिस-ऑस्कर 5 कक्षेत गेला. जमिनीवरून आज्ञा देऊन ज्याचा रेडिओ ट्रान्समीटर चालू-बंद करता येई, असा तो पहिला हौशी उपग्रह. बांधकामाला दीड-एक वर्ष आणि वाट पाहण्याला अडीच वर्षे, असा हा हिशेब होता.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात हीच अडचण पुन्हा आली. तिथल्या विद्यार्थ्यांचा ‘सॅफायर’ हा उपग्रह 1990च्या दशकाच्या मध्यावर सुरू झाला आणि सुटला 30 सप्टेंबर 2001 रोजी. दरम्यान तिथले प्राध्यापक बॉब ट्विग्ज यांनी उलट्या बाजूने विचार केला. विद्यार्थ्यांचा मुक्काम वाढवता येत नसेल तर उपग्रहच लहान करावा, म्हणजे पदवी हाती येण्याआधी तो पुरा होईल. आकार किती असावा हे त्यांना सुचले दुकानात ‘बीनी बेबी’ बाहुलीची प्लास्टिकची पारदर्शक पेटी पाहून. कॅलिफोर्निया पॉलिटेक्निकचे जॉर्डी पुइग-सुआरी यांच्यासह त्यांनी 1999 मध्ये ‘क्यूबसॅट’चे मानक मांडले: 10 सेंटिमीटर बाजूचा घन आणि वजन सुमारे 1 किलो. उपग्रह ठरलेल्या मापाचे झाल्याने ते एकाच प्रकारच्या पेटीत बसवून कोणत्याही प्रक्षेपकावर नेता येऊ लागले. 30 जून 2003 रोजी रशियातल्या प्लेसेत्स्क तळावरून या मानकाचे पहिले उपग्रह सुटले. त्यांत जपान, डेन्मार्क आणि कॅनडा इथल्या विद्यापीठांचे उपग्रह होते.

भारतात ही चळवळ पोहोचायला थोडा वेळ लागला. 28 एप्रिल 2008 रोजी पीएसएलव्ही-सी9 या प्रक्षेपकाने एकाच उड्डाणात 10 उपग्रह नेले. त्यांत डेल्फ्ट, आल्बोर्ग, आखेन आणि तोक्यो इथल्या विद्यार्थ्यांनी बनवलेले छोटे उपग्रह होते. म्हणजे श्रीहरिकोट्याहून परदेशी विद्यार्थ्यांचे उपग्रह भारतीय विद्यार्थ्यांच्या आधी कक्षेत गेले. भारतीय विद्यापीठात बनलेला पहिला उपग्रह ‘अनुसॅट’. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातला हा 40 किलोचा उपग्रह 20 एप्रिल 2009 रोजी सुटला. सप्टेंबर 2007 मध्ये हैदराबादला आंतरराष्ट्रीय अंतराळ परिषद भरली होती. तिथे गेलेल्या काही विद्यार्थ्यांना सुचलेल्या कल्पनेतून बंगळूर आणि हैदराबादच्या सात महाविद्यालयांचा ‘स्टुडसॅट’ उभा राहिला आणि 12 जुलै 2010 रोजी कक्षेत गेला. त्याचे वजन एक किलोच्याही आत होते. 12 ऑक्टोबर 2011 रोजी आयआयटी कानपूरचा 3 किलोचा ‘जुगनू’ आणि एसआरएम विद्यापीठाचा ‘एसआरएमसॅट’ एकाच उड्डाणात गेले. ‘इस्रो’ने या उपग्रहांना आपल्या प्रक्षेपकावर उरलेल्या जागेत नेले, चाचण्यांची सोयही करून दिली. मोबदल्यात एकच गोष्ट मागितली: विद्यार्थ्यांचा उपग्रह मुख्य उपग्रहाला धोका ठरता कामा नये. त्यामुळे परीक्षणांचा काटेकोर क्रम आला आणि विद्यार्थी-संघटनांच्या कामाला शिस्त लागली.

महाराष्ट्रातली दोन केंद्रे म्हणजे पवईची आयआयटी मुंबई आणि पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय (सीओईपी). दोन्हीकडे विद्यार्थ्यांनी मोठे उपक्रम चालवण्याची परंपरा आधीपासून होती. 1854 साली सुरू झालेल्या पुण्याच्या महाविद्यालयात संगमाजवळच्या बोट क्लबचा ‘रेगाटा’ हा नौकामहोत्सव 1928 पासून होतो, तर पवईला 1998 पासून ‘टेकफेस्ट’ हा तंत्रमहोत्सव भरतो. मात्र रेगाटा किंवा टेकफेस्ट वर्षभरात आटोपतो. सचिव नेमला जातो, निधी जमवतो, कार्यक्रम पार पाडतो, हिशेब देतो आणि पुढच्याकडे चाव्या देऊन मोकळा होतो. चुकले तर पुढच्या वर्षी पाटी कोरी असते. उपग्रहाच्या कामात अशी सोय नाही. तिसऱ्या वर्षी घेतलेला एखादा निर्णय सातव्या वर्षीच्या तुकडीला निस्तरावा लागतो, आणि तोपर्यंत निर्णय घेणारा परदेशात पीएचडी करत असतो.

आयआयटी मुंबईत 2007 मध्ये एरोस्पेस विभागातल्या दोन विद्यार्थ्यांनी उपग्रहाची कल्पना मांडली आणि 2009 मध्ये ‘इस्रो’शी सामंजस्य करार झाला. उपग्रहाचे नाव ‘प्रथम’, वजन 10 किलो. आयनांबरातल्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातल्या, इलेक्ट्रॉनांची एकूण संख्या मोजणे हे त्याचे शास्त्रीय काम. रेडिओ लहर आयनांबरातून खाली येताना तिच्या कंपनाचे प्रतल थोडे वळते. किती वळते हे वाटेतल्या इलेक्ट्रॉनांवर आणि लहरीच्या वारंवारतेवर अवलंबून असते. ‘प्रथम’ 145 आणि 437 मेगाहर्ट्‌झच्या आसपास दोन लहरी सोडणार होता. जमिनीवर त्या पकडून दोन्हींच्या वळणातला फरक मोजला की इलेक्ट्रॉनांची संख्या काढता येते. यासाठी लागणारे भूस्थानक महागडे नसते: गच्चीवर दोन आडव्या-उभ्या यागी अँटेना, एक रिसीव्हर आणि संगणक. म्हणून इतर महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनाही भूस्थानके उभारायला शिकवण्यात आले आणि पॅरिसच्या भूभौतिकी संस्थेतही एक केंद्र ठरले.

या प्रकल्पाची उद्दिष्टे चार होती: विद्यार्थ्यांनी उपग्रहतंत्र शिकणे, उडवण्याजोगा उपग्रह तयार करणे, इलेक्ट्रॉन मोजणे आणि इतर विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना सामील करून घेणे. यशाच्या मोजमापात मोठा वाटा उड्डाणयोग्य उपग्रह तयार होण्यालाच दिला होता. कक्षेतला संदेश आणि मोजणी हे त्यापुढचे टप्पे. ही मांडणी नेतृत्वाच्या दृष्टीने शहाणपणाची होती. प्रक्षेपणाची तारीख विद्यार्थ्यांच्या हाती नव्हती. यश फक्त कक्षेशी बांधले असते, तर मधल्या चार-पाच तुकड्यांच्या पदरी काहीच पडले नसते.

सीओईपीत 2008 मध्ये सुरू झालेल्या उपग्रहाचे नाव ‘स्वयम्’. तो क्यूबसॅटच्या मापाचा आणि 1 किलोच्या आतबाहेर वजनाचा. हौशी रेडिओच्या वारंवारतेवर एका ठिकाणचा संदेश साठवून दुसऱ्या ठिकाणी पोहोचवणे हे त्याचे काम. त्याचे वैशिष्ट्य मात्र दिशास्थैर्यात होते. कक्षेत सोडलेला उपग्रह गिरक्या घेतो आणि मग अँटेना पृथ्वीकडे राहत नाही. मोठ्या उपग्रहांत ही गिरकी थांबवायला फिरती चाके किंवा विजेवर चालणारी चुंबकीय कुंडले असतात. ‘स्वयम्’मध्ये एक कायमचा चुंबक आणि सहज चुंबकित होणाऱ्या मिश्रधातूच्या काही कांड्या बसवल्या होत्या. चुंबक होकायंत्राच्या सुईप्रमाणे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळतो. कांड्या गिरकीतली ऊर्जा शोषून तिची किंचित उष्णता करतात, त्यामुळे हेलकावे हळूहळू कमी होतात. या व्यवस्थेला ना वीज लागते ना आज्ञावली. हाताच्या तळव्यापेक्षा थोड्या मोठ्या सौरपट्ट्यांवर चालणाऱ्या उपग्रहाला ही बचत फार मोलाची होती.

दोन्ही संघटनांची रचना सारखी होती. वर एक प्रकल्प-व्यवस्थापक आणि त्याच्या हाताखाली उपप्रणालींचे प्रमुख: वीजपुरवठा, संदेशवहन व भूस्थानक, दिशानियंत्रण, उपग्रहावरचा संगणक, सांगाडा व उष्णता. प्रत्येक गटात तीन-चार वर्षांचे विद्यार्थी एकत्र काम करत. दुसऱ्या वर्षाचा मुलगा किंवा मुलगी आधी तयार मंडलाची चाचणी करी, मग त्यातला एक भाग स्वतः आखी आणि चौथ्या वर्षी पोहोचेपर्यंत गटाची जबाबदारी घेई. प्रमुख व्हायला निवडणूक लागत नसे. काम कोणाला कळते हे गटाला माहीत असे. शिक्षणशाखेच्या भिंतीही इथे ढिल्या पडत. विद्युत शाखेचा विद्यार्थी सांगाड्याचे कंपन शिके, यंत्र शाखेची विद्यार्थिनी आज्ञावली लिही.

सर्वांत अवघड काम सूत्रे सोपवण्याचे. सोल्डरिंगचा हात, मोजणीच्या वेळी दिसणारा गोंगाट ओळखण्याची नजर, पुरवठादाराशी बोलण्याची रीत या गोष्टी कागदावर पूर्ण उतरत नाहीत. तरीही कागदाशिवाय भागत नसे. अमुक बॅटरी का निवडली, अमुक जोडणी का बदलली, कोणती चाचणी कशी फसली याची नोंद ठेवली नाही, तर पुढची तुकडी तीच चूक नव्याने करी किंवा बरोबर निर्णयही शंकेपोटी मोडून टाकी. ‘इस्रो’ची परीक्षणे इथे उपयोगी पडली. प्राथमिक आराखडा, सविस्तर आराखडा, अभियांत्रिकी नमुना आणि मग उड्डाणाचा उपग्रह, या प्रत्येक टप्प्यावर शास्त्रज्ञांसमोर लेखी अहवाल घेऊन उभे राहावे लागे. त्या अहवालांतून संघटनेची स्मृती तयार झाली. आदल्या तुकडीने लिहिलेल्या पानावर नव्या तुकडीला शास्त्रज्ञांच्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत, म्हणून ते पान समजून घेणे भागच पडे.

2016 मध्ये दोन्ही उपग्रहांना प्रक्षेपक मिळाला. 22 जून रोजी पीएसएलव्ही-सी34 ने 20 उपग्रह नेले. कार्टोसॅट-2 मालिकेतल्या मुख्य उपग्रहासोबत पुण्याचा ‘स्वयम्’ आणि चेन्नईचा ‘सत्यभामासॅट’ हे भारतीय विद्यार्थ्यांचे उपग्रह त्यांत होते. तीन महिन्यांनी, 26 सप्टेंबर रोजी, पीएसएलव्ही-सी35 च्या उड्डाणात हवामानाच्या ‘स्कॅटसॅट-1’ बरोबर मुंबईचा ‘प्रथम’ आणि बंगळूरचा ‘पायसॅट’ गेले. एकाच उड्डाणात दोन वेगळ्या उंचीवर उपग्रह सोडण्याचा ‘इस्रो’चा तो पहिला प्रयोग. सुरुवातीपासून मोजले तर ‘स्वयम्’ला आठ आणि ‘प्रथम’ला नऊ वर्षे लागली. प्रकल्प सुरू झाला तेव्हा शाळेत असलेली मुले प्रक्षेपणाच्या वेळी गटप्रमुख होती.

त्यानंतर दोन्ही संस्थांतल्या संघटनांनी पुढच्या उपग्रहांकडे मोर्चा वळवला: पवईला ‘अद्वितीय’ हा क्यूबसॅट, तर पुण्यात सौरशिडाच्या तंत्रावरचा उपग्रह. सीओईपीला 2022 मध्ये स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्याच सुमारास विद्यार्थ्यांपुढे आणखी एक वाट खुली झाली. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा पूर्वी उपग्रह सोडून झाला की निकामी समजला जाई. 2022 पासून ‘इस्रो’ने तो ‘पोएम’ या नावाने कक्षेतला फिरता मंच म्हणून वापरायला सुरुवात केली. त्यावर बसवलेल्या उपकरणाला वीज, दिशास्थैर्य आणि संदेशवहन मंचाकडूनच मिळते. विद्यार्थ्यांना फक्त आपला प्रयोग बांधावा लागतो. अशा प्रयोगाला लागणारा काळ पदवीच्या मुदतीत बसण्याइतका कमी होऊ शकतो. त्यामुळे आता विद्यार्थी-संघटनांपुढे दोन पर्याय आहेत: एका तुकडीने सुरू करून संपवायचा प्रयोग, किंवा सगळी अंगे स्वतः शिकवणारा पण अनेक तुकड्यांनी मिळून उभारायचा संपूर्ण उपग्रह. पहिल्यात सुरुवात करणारी तुकडीच फळ पाहते. दुसऱ्यात नेत्याला पदभार घेतानाच आपला वारस तयार करायला लागावे लागते.