मनाचा साक्षी कोण?

वऱ्हाडांत ज्वारी दाण्यावर आली म्हणजे राखणदार मचाणावर बसे आणि गोफणीनें पांखरें उडवी. अवघें शेत त्याला दिसे. न दिसे तो एक स्वतःच. आपल्या मनाचेंहि असेंच नाहीं काय? जें सर्व जाणतें, त्याला कोण जाणतें? श्रोतेहो, हा प्रश्न केवळ पोथीतला नाहीं. आपल्याच डोंगरांशीं त्याचा जुना संबंध आहे.

बुलढाणा जिल्ह्याच्या पश्चिम सीमेजवळ धाड हें गांव आहे. तेथून पश्चिमेकडे गेलें कीं अजिंठ्याचीं लेणीं लागतात. पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत वाकाटक राजा हरिषेण ह्याच्या काळीं तेथें मोठें काम झालें. सोळावें लेणें त्याचा अमात्य वराहदेव ह्यानें कोरविलें. ह्या शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपलें वाशीम. पुढें इ. स. ६४१ च्या सुमारास चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग महाराष्ट्रांत आला. राज्याच्या पूर्वेकडील डोंगरांतल्या एका विहाराचें त्यानें वर्णन केलें आहे. अचल नांवाच्या अर्हतानें तो बांधविला आणि आचार्य दिङ्नाग तेथें पुष्कळदां राहत असे, अशी परंपरा तो सांगतो. सव्विसाव्या लेण्याच्या शिलालेखांतहि स्थविर अचलाचें नांव आहे. म्हणून विद्वान् त्या विहाराला अजिंठा समजतात.

दिङ्नागाचा 'प्रमाणसमुच्चय' मूळ संस्कृतांत पूर्णपणें राहिला नाहीं. तो मुख्यतः तिबेटी भाषांतरांनीं जगला. त्यांतला एक सिद्धांत 'स्वसंवेदन' नांवानें प्रसिद्ध आहे. समजा, सकाळीं देवळाची घंटा आपण ऐकली. सायंकाळीं नुसती घंटा आठवत नाहीं. 'मीं ती ऐकली' हेंहि आठवतें. परंतु जें अनुभवलें, तेंच आठवतें. मग ऐकणें हेंसुद्धां त्या क्षणींच अनुभवास आलें असलें पाहिजे. कोणी म्हणेल, पहिल्या ज्ञानाला दुसऱ्या ज्ञानानें जाणलें. तर दुसऱ्याला तिसरें लागेल, तिसऱ्याला चौथें. आणि मन घंटेपाशींच अडकून बसेल, दुसऱ्या विषयाकडे वळणारच नाहीं. तें तर सहज वळतें. म्हणून ज्ञान आपल्याला आपणच प्रकाशित करतें, असें दिङ्नागाचें म्हणणें.

ह्यावर प्रतिपक्षानें विचारलें, बोटाच्या टोकानें त्याच टोकाला स्पर्श करतां येतो काय? वेदांताचा आक्षेप निराळाच होता. शंकराचार्यांच्या परंपरेनें सांगितलें कीं, मन क्षणोक्षणीं पालटतें. तें पालटणें ज्याला कळतें, तो स्वतः न पालटणारा असला पाहिजे. तोच साक्षी. बौद्धाला असा कायमचा राखणदार मान्य नव्हता; त्याच्या मतें प्रत्येक क्षणाचें ज्ञान आपला दिवा आपणच घेऊन येतें आणि विझतें.

हा वाद शब्दांचा नव्हे. घरांत कोणावर राग आला आणि आवाज चढला, अशा वेळीं 'मी रागावलों आहें' हें क्षणभर कळतें. तें कळणें कोणाचें? साक्षी निराळा असेल, तर रागाच्या वर एक निवांत जागा आहे आणि तेथें जाऊन बसतां येतें. तसा कोणी नसेल, तर रागाला धनीच नाहीं. मग तो जपून ठेवण्याचेंहि कारण उरत नाहीं. वाटा दोन, पण शेजाऱ्यावर उगारलेला हात दोन्हीं वाटांनीं खालीं येतो.

तेराव्या शतकांत ज्ञानेश्वरांनीं 'अमृतानुभवा'त हा विचार आणखी पुढें नेला. पाहणारा आणि दिसणारें हा भेदच त्यांनीं मुळाशीं टिकूं दिला नाहीं. ह्यांत मला एक सावधगिरीची सूचना दिसते. 'मी साक्षी आहें' असें मिरवणाऱ्याचा साक्षीहि एक नवा अहंकार होतो. मचाण कितीहि उंच बांधलें, तरी त्याचे खांब त्याच शेतांत रोवलेले असतात.

अजिंठ्याच्या अंधाऱ्या विहारांत आज भिक्षु नाहींत. पण तेथें जाणाऱ्यानें भिंतींवरचीं चित्रें पाहतां पाहतां, पाहणाऱ्याकडेहि एकदां लक्ष द्यावें. त्या डोंगराशीं दिङ्नागाचें नांव ज्या प्रश्नानें जोडलें गेलें आहे, तो तेथें अजून विझलेला नाहीं.